सीमेवरची यात्रा : वाद्य, नैवेद्य आणि पाहुणचार

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. १९६७ साली मी या शाळेतून मॅट्रिक झालो. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला आणि निपाणीच्या घराघरांत भाषेवाचून दुसरा विषय उरला नाही. त्या तापलेल्या दिवसांत गुरुजी एकदा फळ्यावर अण्णा, अक्का, तूप, किल्ली, अडकित्ता असे शब्द लिहून आम्हांला विचारते झाले, "हे कोणाचे?" आम्ही एका सुरात "मराठीचे" म्हणालो. गुरुजी हसले. "कानडीतून आले आणि मराठीचे झाले. मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याला कोणी परका म्हणत नाही," एवढेच बोलून ते पुढच्या धड्याकडे वळले. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. ती का लागली, हेही या लेखात सांगायचे आहे.

संयोजकांनी मला 'आपल्या भागातील लोकपरंपरांचे उत्सव' असा विषय दिला. व्याख्यानात वेळेच्या मर्यादेमुळे जे विस्ताराने मांडता आले नाही, ते येथे क्रमाने मांडतो. विषय मोठा आहे. म्हणून मी धनगर-कुरुबांच्या देवांच्या यात्रांपुरताच तो मर्यादित ठेवला आहे. यात्रा म्हणजे नेमके काय असते, तिची अंगे कोणती आणि त्यांतील एखादे अंग छाटले तर काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

१. यात्रांचा मुलूख

कुर्ली-आप्पाचीवाडीचे हालसिद्धनाथ, हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे विठ्ठल-बिरदेव आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीची मायाक्का ही तीन ठाणी आपल्या परिचयाची आहेत. पैकी पट्टणकोडोली महाराष्ट्रात, तर उरलेली दोन कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि या ठाण्यांच्या मधून एक रेषा गेली. परंतु भाविकांच्या पंचांगात काही फरक पडला नाही. आप्पाचीवाडी आणि पट्टणकोडोलीच्या यात्रा दिवाळीच्या आगेमागे आणि चिंचलीची माघी पौर्णिमेला, हा क्रम तसाच राहिला. चिंचलीच्या वाटेवर कोल्हापूर-सांगलीकडच्या बैलगाड्यांच्या रांगा आमच्या लहानपणी लागत, तशा त्या पुढेही लागत राहिल्या.

मराठी मुलखात ज्यांना धनगर म्हणतात, त्यांच्याशी नाते सांगणारे मेंढपाळ कानडी मुलखात कुरुब म्हणून ओळखले जातात. त्यांचा देव आपल्याकडे बिरोबा अथवा बिरदेव आणि तिकडे बीरप्पा किंवा बीरेश्वर होतो. मायाक्का ही त्याची मानलेली बहीण. तिच्या नावातच 'अक्का' आहे आणि तो शब्द कोणत्या भाषेचा, हे ठरविण्याची भाविकाला कधी गरज वाटलेली नाही. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला जातो. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा ही त्याची मागणी जुनी आहे. त्या प्रश्नाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. मात्र या माळरानावरील जुन्या संस्कृतीचा शोध घेताना मेंढपाळांच्या वाड्यापाशी थांबावे लागते, एवढे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांवरील आपला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला, तो धनगरांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले आणि त्यासाठी विठ्ठल-बीरप्पा या जोडदेवांची साक्ष काढली. म्हणजे ज्याला आपण महाराष्ट्राचे आराध्यदैवत म्हणतो, त्याच्याकडे जाणारी एक पायवाट आपल्या दारावरून जाते आणि ती दोन्ही भाषांतून जाते.

२. वालुग

यात्रेचे पहिले अंग वाद्याचे. ढोल-कैताळाच्या मेळ्याला आपल्याकडे 'वालुग' म्हणतात. कन्नडमध्ये मंगलप्रसंगी वाजणाऱ्या वाद्यमेळाला 'वालग' असा शब्द आहे. दोहोंचे नाते उघड आहे. ढोल गळ्यात अडकविलेला, दोन्ही तोंडांना कातडे. एका बाजूवर काठी पडते, दुसऱ्या बाजूवर तळहात. कैताळ म्हणजे पितळेचे मोठे टाळ. ढोल घुमतो आणि कैताळ त्याला धार देते. या तालावर रुमाल उडवीत, रिंगण धरून गजनृत्य चालते. पलीकडे कानडी मुलखात 'डोळ्ळु कुणित' या नावाने ढोल गळ्यात घेऊन नाचणारे जे पथक दिसते, ते याच कुळातले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वालुगाला श्रोता नसतो. गावोगावचे ढोल आपापल्या देवाची निशाणे घेऊन येतात. कोणाचा ढोल आधी वाजावा, कोणी कोणाला सामोरे जावे, भंडारा प्रथम कोणाच्या कपाळी लागावा, याचे मान ठरलेले असतात. पट्टणकोडोलीला भंडाऱ्याबरोबर खोबरे, खारीक आणि लोकर उधळतात. ती लोकर कोणाच्या तरी मेंढरांच्या अंगावरची असते. उभा असलेला प्रत्येक मनुष्य काही तरी घेऊन आलेला असतो आणि त्याचे काही तरी काम असते. बघ्याची जागा या रचनेत मुळात नाहीच.

रात्री ढोल शांत झाले की ओवी उभी राहते. आरंभी देवांचे स्मरण करायचे. त्याला 'सुंबरान मांडणे' म्हणतात. मग मुख्य गायक कथा पुढे नेतो, साथीदार त्याची ओळ झेलतात आणि मध्येच गाणे थांबवून तोच प्रसंग गद्यात सांगितला जातो. गाणे आणि सांगणे यांच्या या आलटापालटीमुळे लहान मुलालाही कथा समजते. पहाटेच्या सुमारास आप्पाचीवाडीला भाकणूक होते. पाऊस, पीकपाणी, धान्याचे दर, रोगराई, राज्यकर्ते या सर्वांविषयी ती बोलते. तिला भविष्य म्हणून किती मानावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला तिचे मोल निराळे वाटते. वर्षभर घराघरांत सुटीसुटी असलेली काळजी तेथे एका आवाजात सर्वांसमोर बोलली जाते. कर्नाटकात मैलारलिंगाच्या यात्रेत होणारी 'कारणिक' ही भाकणुकीची बहीणच म्हणावी लागेल.

३. नैवेद्य

दुसरे अंग अन्नाचे. आपल्या भागातील यात्रांची सामाईक खूण म्हणजे आंबील. ज्वारीचे अथवा नाचणीचे पीठ आदल्या रात्री भिजवून आंबवायचे, सकाळी शिजवायचे, निवले की ताक घालायचे, मीठ-जिरे-लसूण लावायचे. उन्हातून चालून आलेल्या माणसाला याहून हितकर पेय नाही. आपली आंबील कानडीत 'अंबली' होते, घुगऱ्या 'गुग्गरी' होतात. पुरणपोळी मात्र 'होळिगे' असे निराळे नाव घेते, पण पानात ती शेजारीच बसते. मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून परतलेले भाविक कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील, भाकरी, वडी, दहीभात, कांद्याची पात आणि गाजर यांचा नैवेद्य नेतात. त्या नैवेद्यात एकही पदार्थ विकत आणलेल्या मिठाईचा नाही. त्या महिन्यात जे शेतात आहे, तेच देवापुढे आहे.

गोड्या नैवेद्याबरोबर खारा नैवेद्यही आहे, हे आपण पांढरपेशे लोक सांगायला संकोचतो. मेंढपाळाच्या देवाला मेंढराचा नैवेद्य, यात नवल काही नाही. देवळासमोरील पशुबळीला प्रतिबंध करणारा कायदा कर्नाटकात १९५९ सालापासून आहे आणि त्यामागील भूमिका मला मान्य आहे. परंतु खारे जेवण घरोघरी होतेच, आणि ते ज्या पद्धतीने होते ती पाहण्याजोगी आहे. एकट्याने खाण्याचे ते अन्न नव्हे. वाटा कोणाकोणाकडे जायचा, हे ठरलेले असते. सुताराचा वाटा, वाजंत्र्याचा वाटा, गावाबाहेर वस्ती करून राहिलेल्यांचा वाटा. हे वाटप समान होते, असे मी म्हणणार नाही. पंक्ती वेगळ्या होत्या आणि त्यांतला अपमान सोसणाऱ्यांनाच ठाऊक. पण उपाशी कोणी परतू नये, हा नियम होता.

४. पाहुणे

तिसरे अंग नात्यागोत्याचे. आमच्या घरी यात्रेच्या आठ दिवस आधी आई भिंती सारवायला काढी आणि वडील पोस्टकार्डे लिहायला बसत. लेकी माहेरी येत. जावयांचा मान होई. नव्या सुनेला देवाच्या पाया घातले जाई. मुलांची जावळे निघत. विस्कटलेली भाऊबंदकी यात्रेच्या जेवणाला मात्र एकत्र बसे, कारण देवाच्या पंगतीला नाही म्हणता येत नसे. बेळगाव तालुक्यातील गावांत लक्ष्मीची यात्रा अनेक वर्षांच्या अंतराने भरते. तिच्यासाठी मुंबई-पुण्यापर्यंत पांगलेली माणसे गावी परततात. ज्या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, त्यांना तेथे आपण चुलत भावंडे असल्याचा शोध लागतो.

वाद्य, अन्न आणि नाती ही तीन अंगे मी समजावण्याच्या सोयीसाठी वेगळी केली. वस्तुतः ती एकच आहेत. ढोल वाजविणारा हा कोणाचा तरी जावई असतो, आंबील ढवळणारी ही कोणाची तरी माहेरवाशीण असते. जगात इतरत्रही हाच अनुभव आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूलनिवासी जमातींत 'पॉटलॅच' नावाचा सोहळा असतो. यजमान कुटुंब पाहुण्यांना बोलावते, गाणी आणि नृत्ये होतात, मुलांना कुळाची नावे दिली जातात आणि आलेल्या प्रत्येकाला भेटवस्तू मिळतात. भेट स्वीकारणारा त्या प्रसंगाचा साक्षीदार ठरतो. तेथील सरकारने १८८४ साली कायदा करून या सोहळ्यावर बंदी आणली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. राज्यकर्त्यांनी एका जेवणावळीची धास्ती घ्यावी, याचे कारण उघड आहे. त्या जेवणावळीतच त्या लोकांचा इतिहास, वारसाहक्क आणि नातेसंबंध नोंदले जात होते. आज त्याच देशात २१ जून हा दिवस मूलनिवासींच्या संस्कृतीचा म्हणून सार्वजनिकरीत्या साजरा होतो.

आपल्याकडे यात्रांवर अशी बंदी कधी आली नाही. आपले नुकसान निराळ्या वाटेने झाले आणि त्यात माझाही हात आहे.

५. माझ्या प्रबंधातील टिंबे

१९७७-७८ च्या हिवाळ्यात पीएच. डी. च्या प्रबंधासाठी मी या भागातील धनगरी ओव्या गोळा करीत होतो. महाविद्यालयाकडून मागून घेतलेला कॅसेट रेकॉर्डर आणि मोजक्या कॅसेटा एवढीच सामग्री होती. चिकोडीकडच्या एका वाडीत एक वृद्ध गायक मला भेटले. त्यांनी दोन रात्री बिरोबाची कथा गायिली. कथा मराठीत होती. पण जेथे जेथे मायाक्का बोलू लागे, तेथे तेथे ते कानडीत शिरत. बिरोबा मराठीत विचारी, अक्का कानडीत उत्तर देई, आणि ऐकणाऱ्यांत कोणाचेही कोठे अडत नसे. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अक्का चिंचलीची हाय. ती तिच्याच भाषेत बोलणार न्हवं?"

मी त्या वेळी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. सीमाप्रश्नाच्या सभांना जाणारा, घोषणा देणारा. मराठी ओवीवरील प्रबंधात कानडी ओळी कशाला, असे मला वाटले. शिवाय या भागाची परंपरा मराठी आहे, हे सिद्ध करण्याची मला घाई होती. मी त्या ओळींच्या जागी टिंबे दिली आणि खाली लिहिले, 'येथे काही भाग अन्य भाषेत आहे.' कॅसेटांचा तुटवडा होता. लिहून झालेल्या कॅसेटांवर मी पुढच्या गावच्या ओव्या उतरविल्या. प्रबंध मान्य झाला, पुढे त्याचे पुस्तक झाले, कौतुकही झाले.

वीस-बावीस वर्षांनी मी पुन्हा त्या वाडीत गेलो. वृद्ध गायक निवर्तले होते. त्यांचा मुलगा गात होता. त्याने मोठ्या प्रेमाने मला बसविले आणि कथा सुरू केली. मायाक्काचा प्रसंग आला आणि तो तिला वगळून पुढे गेला. मी विचारले, "अक्का बोलत नाही?" तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेले माझे पुस्तक घेऊन आला. वडील गेले तेव्हा त्याला कथा पुरी येत नव्हती. उरलेली त्याने माझ्या पुस्तकावरून पाठ केली होती. "पुस्तकात हितं टिंबंच हायती, सर," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. एका बहिणीचे बोलणे मी गप्प केले होते, आणि तेही परंपरा जपण्याच्या नावाखाली. सीमेपलीकडच्या काही अभ्यासकांनीही मराठी ओळी अशाच गाळल्या असतील काय, असा विचार मनात आला. पण दुसऱ्याच्या टिंबांनी आपली टिंबे भरून निघत नाहीत.

६. साजरे करणे म्हणजे काय

अलीकडे लोककलांचे महोत्सव सर्वत्र भरतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका महोत्सवाचा मी अध्यक्ष होतो. व्यासपीठ भव्य होते, दिवे होते. ढोलपथकांना प्रत्येकी बारा मिनिटे दिली होती. तेरावे मिनिट लागताच सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावरून त्यांचे आभार मानीत. बाजूला 'पारंपरिक खाद्यपदार्थ' असे फलक लावलेल्या टपऱ्यांत कुपन घेऊन आंबील मिळत होती. आणि ढोलवाले मंडपामागे अंधारात पुड्यांतील भात खात होते. मी सर्व पाहिले आणि अध्यक्षीय समारोपात परंपरेचा गौरव करून घरी आलो.

अशा महोत्सवांना माझा विरोध नाही. शहरातील मुलांनी ढोल ऐकलाच नाही, यापेक्षा बारा मिनिटे ऐकला हे बरे. परंतु यात्रेतील वाद्य तेवढे उचलून आणले आणि पंगत व पाहुणचार मागे ठेवला, तर आपण कार्यक्रम करतो, उत्सव करीत नाही. उत्सवाची माझी कसोटी साधी आहे. जो आला त्याला काही काम मिळाले काय? जो वाजवतो तो आपल्या पंगतीला बसला काय? आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत बोलू दिले काय?

कोणी विचारील, मग परंपरेतील सगळेच जपायचे काय? मुळीच नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी आणि चौंडक्याचा नाद यांनी मी भारावून गेलो आहे. पण त्याच देवीच्या नावाने गरिबांच्या मुली सोडल्या जात होत्या. १९८२ साली कर्नाटकाने देवदासी-समर्पणाविरुद्ध कायदा केला. त्याआधी आणि त्यानंतरही निपाणी-गडहिंग्लज भागातील स्त्रियांनी व कार्यकर्त्यांनी या प्रथेशी झुंज दिली. चौंडके ठेवावे आणि समर्पण टाकावे, ही निवड त्यांनी केली व ती योग्य होती. माणसाचा जीव गुदमरविणारे ते टाकावे. माझी चूक अशी की, मी जे टाकले त्यापासून कोणालाही इजा होत नव्हती. ते फक्त माझ्या आग्रहाला गैरसोयीचे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी करार केला आणि भारताने तो २००५ साली स्वीकारला. एखादी गोष्ट वारसा आहे की नाही, हे ती जगणाऱ्या समाजाने ओळखायचे असते, हे त्या करारातील तत्त्व मला मोलाचे वाटते. ओळखणारा मी नव्हे, विद्यापीठ नव्हे, राज्यही नव्हे. त्या वाडीतील माणसे.

म्हणून शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक छोटे काम ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी यात्रा भरते आणि आपण तिला जातो. पुढच्या वेळी एक वही घेऊन जावे. कोणाचा ढोल आधी वाजतो, निशाण कोण धरतो, आंबील कोणाच्या घरी शिजते, वाटा कोणाकोणाला जातो, हे लिहून घ्यावे. ओव्या ऐकाल तशा उतराव्यात. कानडी आली तर कानडी, मराठी आली तर मराठी, आणि समजली नाही तर शेजारी बसलेल्याला विचारावे. एकही ओळ गाळू नये. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत ज्या गावची वही, त्या गावी द्यावी. वार्षिक स्नेहसंमेलनात ढोलपथक बोलवाल, तेव्हा त्यांची आणि आपली पंगत एकच मांडावी.

माझ्या पुस्तकाची एक प्रत मी स्वतः शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. तिच्यातील टिंबांच्या जागी कोरे कागद चिकटवले आहेत. रायबाग, चिकोडी, अथणी या भागांतील कोणा वाचकाच्या घरी, एखाद्या आजीच्या तोंडी, मायाक्काचे ते बोलणे अजून असेल, तर त्यांनी ते कळवावे. कोणत्याही लिपीत लिहून पाठवावे. मी आणि गायकाचा तो मुलगा, दोघेही वाट पाहत आहोत.